डाव्या चाकाला दोन तांबे

नगर जिल्ह्यात लोक देवाला जातात, नाहीतर लग्नाला. मी गेलो एक पैज जिंकायला. पैज माझ्या मुलाशी होती, आणि वाद होता आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीवरून. ही गाडी घेतली तेव्हा राहुल शाळेत होता. आता तो स्वतःच्या गाडीतून ऑफिसला जातो आणि आमच्या गाडीकडे लोक म्हाताऱ्या कुत्र्याकडे बघतात तसं बघतो.

माझ्या गाडीबद्दल दोन तक्रारी होत्या. लांबच्या रस्त्यावर ती हळूहळू डावीकडे ओढते, आणि वेगात असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. या मी स्वतः, मोकळ्या मनाने, जेवताना सांगितल्या. राहुल वरण वाढून घेत होता. वर न बघता म्हणाला, "पप्पा, स्टिअरिंग नाही थरथरत. तुमचे हात थरथरतात."

मी आयुष्यभर चिंचवडला बेअरिंगच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. दिसायला चांगलं असलेलं बेअरिंग मायक्रोमीटरमध्ये धरायचं, केसाएवढा फरक पकडायचा आणि ते बाजूला काढून कामगारांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. अशा माणसाच्या हाताला नाव ठेवणं म्हणजे सोनाराच्या तराजूवर संशय घेणं. मी राहुलला विचारलं, "हातच थरथरायचे तर ते ब्रेकची वाट कशाला बघतील?" तो म्हणाला, "ब्रेक लावताना तुम्ही घाबरता." यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तोंडात घास होता.

शेवटी असं ठरलं. जानेवारीत आम्ही माझ्या धाकट्या बहिणीकडे, शकूकडे, हुरड्याला जातोच. तिचं गाव पाथर्डीच्या पुढे आहे. या प्रवासात दोष गाडीत सापडला तर किल्ली माझ्याकडे राहील. नाही सापडला तर परत आल्यावर किल्ली राहुलच्या हातात, आणि मी रिक्षात. माझी बायको सुमन या पैजेत तटस्थ होती. ती हल्ली मला चहासुद्धा अर्धाच कप देते. मी त्याला काटकसर समजत होतो.

नगर

शिरूर सोडलं की रस्ता सरळ होतो आणि आमची गाडी वाकडी. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की ती डावीकडे सरकायला लागायची, बाजारात बायकोचं लक्ष नसताना नवरा भज्यांच्या गाडीकडे सरकतो तशी.

"रस्ताच तिकडे उतरता असेल," सुमन म्हणाली.

हे अगदीच चुकीचं नव्हतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार देतात, आणि बिचारी चांगली गाडीही थोडी तिकडे झुकते. म्हणून मी दुभाजकाजवळच्या लेनमध्ये, जिथे उतार कमी असतो तिथे, गाडी घातली. तरी ती डावीकडेच. माझा आनंद गगनात मावेना. सुप्याच्या पुढे एक कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबला, आणि स्टिअरिंग असं हललं की जणू पिठाच्या गिरणीवर हात ठेवलाय. सुमनने डोक्यावरची कडी धरली.

"बघितलंस? स्टिअरिंग कसं हललं!"

"मी कडीकडे बघत होते," ती म्हणाली. तटस्थ म्हणजे किती तटस्थ असावं माणसाने.

पाटीवर आता अहिल्यानगर झालंय, कंडक्टरच्या तोंडात अजून नगरच आहे. आम्ही शहरात शिरता शिरता चाकांची अलाइनमेंट करणारं एक मोठं दुकान बघून थांबलो. मालक योगेश नावाचा तरतरीत तरुण होता. त्याने हवा तपासली, पुढच्या दोन्ही टायरांची डावी-उजवी अदलाबदल केली आणि गाडी मशीनवर चढवली. समोर हॉटेल होतं. आम्ही मिसळ खायला गेलो. पुण्यात मिसळीबरोबर पाव किती मिळतील याचा आधी खुलासा होतो. इथे आपण तर्रीकडे बघत असताना ताटलीत पाव येऊन पडलेला असतो, आणि नको म्हटलं की वाढणारा दुखावतो. खाऊन-पिऊन, बडीशेप चघळत परत आलो तोवर गाडी पार गार झाली होती. हे वाक्य मी आत्ता लिहितोय. तेव्हा त्याचं महत्त्व माझ्या लक्षात आलं नाही.

"काका, सगळं हिरवं हाय," योगेशने पडद्याकडे बोट दाखवलं. खरोखरच सगळे आकडे हिरवे होते. मग त्याने गाडी बाहेर काढली, मला शेजारी बसवलं, बायपासच्या बाजूला एक चक्कर मारली आणि दोन्ही हात सोडून दाखवले. गाडी शाळेतल्या हुशार मुलीसारखी नाकासमोर चालली. ब्रेक दाबला. स्टिअरिंगने हूं की चूं केलं नाही. डॉक्टरच्या खोलीत शिरलं की खोकला थांबतो ना, तसं झालं.

"माझ्या हातात तर सरळ चालती, काका."

"मग?"

"मग काय... तुमी जरा ढिलं धरा. लई घट्ट धरता."

सुमन हे ऐकायला हजर नव्हती याचं मला बरं वाटलं. दुकानाशी परतलो, तर तिने विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "अजून तपास चालू आहे." तेवढ्यात राहुलचा फोन. काय निघालं, म्हणाला. मी त्याला मिसळ कशी होती ते सांगितलं.

नगर सोडलं. गाडी योगेशच्या हातात सरळ चालली. मशीन हिरवं होतं. मग वाकडं कोण, हा हिशोब करायला तपासणी खात्यातला माणूस लागत नाही.

करंजीचा घाट

नगरहून पाथर्डीला जाताना करंजीचा घाट उतरावा लागतो. घाट गिअरवर उतरावा हे मला माहीत आहे, पण पुढे उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या चाऱ्याने, भरलेला टेम्पो असेल तर आपलं ज्ञान त्याच्या मागोमाग चालतं. टेम्पोवाला प्रत्येक वळणावर थांबल्यासारखा करायचा, मी ब्रेक दाबायचो, आणि स्टिअरिंग माझ्या हातात थाडथाड नाचायचं. सुमनने कडी धरली होती. मीही जे हातात होतं ते घट्ट धरलं होतं.

खाली उतरल्यावर पहिल्या टपरीवर चहाला थांबलो. तिथे प्रवासी जीप चालवणारा एक गडी बाकावर बसला होता. मागून येताना त्याने आमची चाल बघितली असावी.

"काका, गाडी लई झोकांड्या खाती. लिंबू-मिरची का न्हाई बांधली?"

माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतापुरतं. मी त्याला तसं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मग शनीला तेल व्हा. शिंगणापूर काय लांब न्हाई."

"तेल घालायचंच तर ब्रेकमध्ये घालीन म्हणतो."

"ते बी घाला," तो अगदी मनापासून म्हणाला. "एकानं न्हाई भागलं तर दुसऱ्यानं भागंल."

टपरीवाल्याने काठोकाठ भरलेला ग्लास हातात दिला. मी तो तोंडाशी न्यायच्या आत थोडा चहा बोटांवर आला, थोडा पँटवर. जीपवाल्याचं लक्ष होतं. "हात लई हालतुय, काका. शुगर हाय का?"

"शुगर तुमच्या भागात. फॅक्टऱ्या सगळ्या इकडंच आहेत." टपरीवरची सगळी माणसं हसली. मीही हसलो. "घाट उतरून आलोय ना. गाडीचं हातात उतरलंय."

सुमन हसली नाही. तिने पिशवीतून रुमाल काढून माझ्या पँटवरचा चहा पुसला आणि म्हणाली, "चला, शकूताई वाट बघत असतील."

शकूचं दार

पाथर्डीच्या पुढे मुलूख उघडा होत जातो. डोंगराची रांग लांब राहते, शेतात ज्वारी उभी आणि तूर वाळलेली. गावात शिरलं की दोन घरांआड एका दाराला कुलूप. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, ओट्यांवर म्हातारी माणसं आणि शेळ्या. गाडीचा आवाज ऐकला की म्हातारी माणसं कपाळावर हात आडवा धरून बघतात, आपलं कुणी मधेच परत आलं का म्हणून. आपण त्यांचे नसतो. तरी ती "या" म्हणतात. पुण्यात आमच्या सोसायटीत पाहुणा आला की पहिला प्रश्न येतो, गाडी कुठे लावली?

शकूच्या दारात मात्र गाडीचा मान माणसाच्या आधी होतो. आम्ही दार उघडून बाहेर पाय टाकायच्या आत ती पाण्याची कळशी आणि तांब्या घेऊन येते आणि आधी चाकांवर पाणी घालते. मग आमच्या पायांवर. कित्येक वर्षं हे असंच आहे. आमचे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची बैलगाडी हाकायचे. बैल आपले नव्हते, गाडी आपली नव्हती, पण घरासमोर गाडी थांबली की तात्या आधी बैलांच्या पायांवर पाणी घालायचे आणि मग स्वतःच्या. शकू तेव्हा एवढीशी होती. पाण्याचा तांब्या तिच्या हातात असायचा.

दाजी, म्हणजे शकूचे यजमान, गावच्या विहाराच्या कमिटीत आहेत. त्यांनी एकदा हरकत घेतली होती, "ह्ये कसलं कर्मकांड? बावीस प्रतिज्ञा वाचल्यात का?" शकू म्हणाली होती, "ह्यात देव कुठं आला? चाक दमून आलंय, त्येला पानी दिलं." दाजींनी त्यावर कमिटीत ठराव आणला नाही.

या वेळीही ती आली. "आलास का रं दादा! वहिनी, दमल्या असचाल," म्हणत आधी उजव्या पुढच्या चाकावर तांब्या रिकामा केला. पाणी मुकाट खाली गेलं. मग वळसा घालून डावीकडे गेली. मी दार उघडून एक पाय बाहेर ठेवला होता. तिने डाव्या चाकावर पाणी ओतलं आणि कढईत फोडणी पडावी तसा आवाज झाला. चर्रर्र. चाकातून वाफ वर आली.

दर वर्षी मी तोवर काचा लावलेल्या गाडीतच असायचो, म्हणून हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"शकू, हे काय झालं?"

"काय झालं? ह्ये डावं नेहमीच तापट हाय." तिने दुसरा तांब्या भरला. "म्हनून मी ह्येला दोन घालते. उजवं बिचारं गरीब. एकात निवतं."

"नेहमीच म्हणजे?"

"दर वर्साला! तुमी येता तवा असंच चर्रर्र करतं. आधी मी भ्याले हुते. मग म्हनलं, आसंल तापट. घरात बी आसतंय की एखादं." हे म्हणताना तिने दाजींकडे पाहिलं आणि दुसरा तांब्या डाव्या चाकावर रिता केला. परत वाफ आली, आता जरा कमी.

मी शकूचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. नगरच्या मशीनने जे दाखवलं नाही ते तिच्या तांब्याने दाखवलं होतं. चारात एकच चाक तापतं याचा अर्थ सरळ आहे: त्या चाकाचा ब्रेक दाबल्यावर धरतो आणि सोडल्यावर सुटत नाही. तो चाक अडवतो, म्हणून गाडी तिकडे ओढते. गाडी गार असताना तो शहाण्यासारखा वागतो, म्हणून योगेशच्या हातात सरळ चालली. मी वाकडा नव्हतो. वाकडं डावं चाक होतं! मी खिशातून फोन काढला, राहुलचं नाव शोधलं.

आणि तसाच थांबलो. कारण तपासणी खात्यातलं डोकं एका पायरीवर थांबत नाही. ओढण्याचं कळलं, थरथरण्याचं काय? ब्रेकची लोखंडी तबकडी, जिला डिस्क म्हणतात, ती तापून लाल व्हायच्या बेताला आलेली असताना तिच्यावर गार पाणी पडलं तर काय होतं? ती वेडीवाकडी आकसते. मग ती पुन्हा तापली की ब्रेकच्या पट्ट्या तिच्या उंचवट्यांवर आपटतात, आणि ती आपट स्टिअरिंगमधून हातापर्यंत येते. दर वर्षी. दोन तांबे.

शकू माझ्या पायांवर पाणी घालत होती. "फोन ठिव आधी. पाय धू," ती म्हणाली. मी फोन खिशात ठेवला.

आगटी

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात हुरडा. बांधाशेजारी खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या असतात, त्याला आगटी म्हणतात. निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची आणि गरम असतानाच दोन्ही तळव्यांत चोळून दाणे काढायचे. सोबत लसणाची चटणी, गूळ, घट्ट दही. शहरात हल्ली हुरडा पार्टी असते, तिथे दाणे वाटीत तयार मिळतात आणि जाताना झोपाळ्यावर फोटो काढतात. इथे फुकट खायला मिळत नाही. तळवे भाजून घ्यावे लागतात. मला हुरडा चोळायला फार आवडतं, आणि गेली दोन वर्षं जास्तच आवडतं, कारण कणीस चोळताना सगळ्यांचेच हात थरथरतात.

दाजी माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी आदल्या दिवशी वाफ पाहिली होती आणि माझं तोंडही पाहिलं होतं.

"डिस्क गेली का?" त्यांनी हळूच विचारलं.

"गेली असणार."

"पान्यामुळं?"

मी आगटीपलीकडे बघितलं. शकू सुमनला चटणीत शेंगदाणे किती घालायचे ते सांगत होती. "दाजी, हे बोलू नका तिला."

"मी कशाला बोलू? माझ्या फटफटीवं बी घालती. सायलेन्सर सडून गेला." त्यांनी एक कणीस माझ्याकडे सरकवलं. "पर तुमी तर बोलनार असाल. तुमची पैज हाय म्हनं."

सुमनने सांगितलेलं दिसत होतं. मला पैज जिंकायची होती, ती मनापासून जिंकायची होती, हे मी लपवत नाही. राहुलला नुसतं "गाडीत दोष होता" असं सांगून तो ऐकणार नव्हता. दोष कसा आला ते विचारणार, मी सांगणार, आणि मग तो पुढच्या वेळी हसत हसत म्हणणार, "आत्या, आमची डिस्क तू वाकवलीस." त्याच्या मनात काही नसेल. पण त्यानंतर शकू तांब्या घेऊन दारात यायची नाही. त्यापेक्षा तिलाच आपण नीट समजावून सांगावं, असं मला वाटलं.

"शकू," मी सुरुवात केली, "ते गरम चाकावर पाणी घालतेस ना..."

"व्हय," ती उत्साहाने वळली. "वहिनी, तुमाला म्हाईत हाय का? तात्या गेलं त्या सालापास्नं मी चालू केलं ह्ये. दादा गाडी घिऊन आला, आन् मला दारात एकदम तात्याचीच बैलगाडी दिसली. बैल न्हवतं. मग म्हनलं, चाकाला घालू. दादाला कधी सांगितलं न्हाई मी. हसंल म्हनून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काय म्हनत हुतास रं?"

"म्हटलं, चटणी चांगली झालीय," मी म्हणालो.

सोनई

या जुन्या मॉडेलचे पार्ट सोनईला गोरख मेस्त्रीकडे मिळतात, असं दाजींनी सांगितलं. म्हणून परतताना तिसगाव-मिरीच्या बाजूने, ब्रेकला होता होईल तो पाय न लावता, आम्ही सोनईला गेलो. शकूने निघताना येसरच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीचा डबा बांधून दिला होता आणि चाकांवर पुन्हा एक-एक तांब्या घातला होता. तेव्हा चाकं गार होती, म्हणून मी तिला पोटभर घालू दिलं.

सोनई म्हणायला गाव, पण बाजारपेठ मोठी. गोरखचं गॅरेज ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या गर्दीत होतं. त्याने गाडी हलवून, वाकून बघितलं आणि निकाल दिला, "पुढचं सस्पेन्शन गेलंय. सगळं खोलाया लागंल."

"सस्पेन्शन नाही. डावा ब्रेक धरून बसतोय. तेवढंच चाक खोला."

"काका, गाडी म्या बघितली का तुमी?"

"तुम्ही आत्ता बघितली. मी हिच्यावरून पोराशी भांडून आलोय."

तो नाखुशीने बसला आणि चाक काढलं. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणारा भाग, ज्या पिनांवर मागे-पुढे सरकतो त्या गंजून घट्ट झाल्या होत्या. हातोडी मारल्याशिवाय हलेनात. डिस्कवर निळसर डाग पडले होते. गोरखने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्याजवळ स्थिर धरलं आणि डिस्क फिरवली. एका जागी टोक घासलं, समोरच्या जागी फट राहिली. मी खाली बसून ते तीनदा बघितलं. अख्ख्या नोकरीत मला कुठल्या खराब मालाचा एवढा आनंद झाला नव्हता.

गोरखने डाग अंगठ्याने पुसून पाहिले. "तापल्या तव्यावं कुनी तरी पानी वतलंय. गाडी गरम असताना धुता का?"

"नाही."

"मग?"

"पाऊस लागला असेल. वळवाचा."

"पाऊस फकस्त डाव्याच चाकावं पडतो व्हय?"

मी सुमनकडे बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिने तटस्थपणा सोडला.

"आमच्याकडे पडतो," ती म्हणाली.

गोरखने आमच्या दोघांकडे पाहिलं, मान हलवली आणि कामाला लागला. दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलल्या, कारण एक नवी आणि एक जुनी चालत नाही. नव्या ब्रेकपट्ट्या घातल्या, पिना साफ करून ग्रीस लावलं. तोवर आम्ही येसरच्या आमटीचा डबा उघडून शेजारच्या हॉटेलातून भाकरी मागवली. हॉटेलवाल्याने वर कांदा फोडून दिला आणि डब्यातली आमटी कुणाकडची म्हणून चौकशी केली.

घोडेगावकडे जाणारा रस्ता सपाट आहे. दोन्हीकडे ऊस, मधे कुणी नाही. मी गाडी पळवली, चांगली तापवली, आरशात बघितलं आणि ब्रेक दाबला. स्टिअरिंग खांबासारखं स्थिर. पुन्हा वेग घेतला, पुन्हा दाबला. काही नाही! मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलोही.

"आता हे बघ," मी सुमनला म्हणालो. "गाडीकडे बघ, कडीकडे नको." आणि योगेशने केलं होतं तसे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून हवेत धरले.

गाडी सुतात चालली होती. स्टिअरिंग जराही हलत नव्हतं. त्याच्यावर वीतभर उंचीवर माझे हात होते, आणि ते हलत होते. डावा जरा जास्त.

सुमन गाडीकडे बघत नव्हती. मी हात खाली ठेवले, गाडी हळू केली आणि कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"म्हणून चहा अर्धा कप."

"पूर्ण भरला की सांडतो. आणि मी फरशी पुसायला वाकले की तुम्ही तोंड फिरवून बसता. मला ते बघवत नाही."

घोडेगावला रस्त्याकडेच्या टपरीवर आम्ही थांबलो. टपरीवाल्याने दोन ग्लास काठोकाठ भरून ठेवले. सुमनने माझ्यातला निम्मा चहा, लपवाछपवी न करता, तिच्या बशीत ओतून घेतला. मग मी राहुलला फोन लावला.

"सापडला का फॉल्ट?"

"सापडला. डावा कॅलिपर जाम होता, डिस्क वाकडी झाली होती. गोरख मेस्त्रीशी बोलायचं असेल तर नंबर देतो."

"म्हणजे तुम्ही जिंकलात. सॉरी, पप्पा. मी तसं बोलायला नको होतं."

हे सॉरी मी नीट ऐकून घेतलं. त्यासाठी एवढा प्रवास केला होता.

"आज गाडी उजेडात घरी आणतो," मी म्हणालो. "मग किल्ली तू घे."

"का? आता काय झालं?"

"हातही हलतात. गाडीचं वेगळं, हाताचं वेगळं. आमच्या खात्यात एक फॉल्ट सापडला म्हणून तपासणी थांबवत नसत."

तो म्हणाला, "डॉक्टरांकडे मी येतो बरोबर."

"ये. आणि पुढच्या जानेवारीत आत्याकडे गाडी तू चालवायची. गावाच्या अलीकडे चिंचेचं झाड आहे. त्याच्याखाली गाडी उभी करायची. चाकांना हात लावून बघायचा. चारही गार झाल्याशिवाय आत्याच्या दारात न्यायची नाही."

"का?"

"आत्या चाकांवर पाणी घालते."

राहुल इंजिनीअर आहे. त्याला फार वेळ लागला नाही. "म्हणजे डिस्क त्या पाण्यामुळे..."

"हे वाक्य तू पुरं करायचं नाहीस. आत्यासमोर तर कधीच नाही."

"बरं. नाही करत. पण पप्पा, गाडी आधीच गार झालेली असेल, तर मग पाणी कशाला घालायचं?"

"ते गाडीसाठी नसतं," मी म्हणालो.